कणकुंबीच्या डोंगरावरचे पावणेसात

आदगोंडा,

परवा तुझ्या घरी एक कबुली द्यायला गेलो होतो. ज्याच्यापुढं द्यायची तो माणूस अकरा दिवसांपूर्वी निघून गेल्यावर कबुली द्यायला जायचं, हे मलाच सुचू शकतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, त्यातला प्रकार. तुला बैल म्हटलेलं चालणार नाही हे ठाऊक आहे. पण तू आता उठून भांडायला येणार नाहीस, म्हणून म्हणून घेतो.

त्याआधी बेळगावच्या कॅम्पात आपल्या नेहमीच्या झाडाखाली सुभेदारांनी शोकसभा घेतली. शोकसभा कसली, सकाळी फिरायला येणारी पंचवीस-तीस माणसं आणि तीन कुत्री. मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, आदगोंडा शिस्तप्रिय होता, निर्व्यसनी होता, परोपकारी होता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की एकतीस वर्षं शाळा सोडून जाणाऱ्या पोरांना जो चारित्र्याचा दाखला लिहून दिला, तोच मी तुला देतोय. वर्तणूक चांगली आहे, खाली सही. तेव्हाच ठरवलं की खरं काय ते लिहायचं. तुला पोचो न पोचो.

तर गोष्ट कणकुंबीच्या डोंगरावरची आहे. सहा वर्षं झाली. तिथं मी तुझ्याशी खोटं बोललो.

तुझं व्रत सगळ्या गावाला माहीत होतं. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी बोरगावला मुनिमहाराजांपुढं घेतलेलं, ते तेव्हाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत. कांदा, बटाटा, लसूण नाही हे तर होतंच, पण त्याचं आम्हाला काही वाटत नसे. त्रास होता तो त्या सूर्याचा. तुझ्यामुळं मच्छे गावातल्या तुझ्या वर्कशॉपातले कामगार पाचला सुटत, कारण मालकाला घरी ताटावर बसायचं असे. माझ्या मुलीच्या लग्नाच्या रिसेप्शनला तू सहा वाजता येऊन बसलास. मंडपवाले अजून फुलं बांधत होते. तुला एकट्याला पंगत वाढली, आणि फोटोवाल्यानं उजेड बरोबर आहे का बघायला तुझेच फोटो काढले. आजही अल्बम उघडला की पहिले आठ फोटो तुझे. नवव्यात नवरी. जावई अजून विचारतात, हे कोण, तुमचे कुलदैवत काय?

आपण चौघं. तू, मी, सुभेदार आणि वकील. सकाळी कॅम्पात चार फेऱ्या मारायच्या, मग चहा प्यायचा आणि देश चालवायचा. सुभेदार अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेले. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं ते काढलंच. म्हणाले, आता माझी वेळ माझ्या पोटात. वकिलांची मातृभाषा कन्नड, भांडण मराठीत आणि हिशेब इंग्रजीत. आणि मी भूगोलाचा मास्तर, ज्यानं सह्याद्री फळ्यावर हजार वेळा काढला आणि प्रत्यक्षात एसटीच्या खिडकीतून बघितला.

ऐन आषाढात डोंगरावर मुक्काम करायचा, ही कल्पना तुझी. वकिलांच्या एका पक्षकाराची कणकुंबीच्या वरच्या अंगाला जमीन होती, तिथं कुणी हटकणार नव्हतं. मी म्हटलं, भाड्यानं तंबू मिळतो. तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू मी हॉटेलातून भात मागवू या म्हटलंय.

"भाड्यानं कशाला रं? भावाच्या वखारीत ताडपत्री पडलीया. ह्या एवढी जाड. हत्ती झोपला तरी भिजायचा न्हाय."

ताडपत्री जाड होती, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या भावाची वखार तंबाखूची. ती ताडपत्री पंधरा वर्षं निपाणीच्या तंबाखूवर पांघरलेली. शनिवारी दहा वाजता भर पावसात आपण ती चार बांबूंवर ताणली, आत शिरलो, आणि ओलाव्यानं तिच्यातला सगळा माल जागा झाला. पहिली शिंक वकिलांची. मग सुभेदारांची, जी बंदुकीसारखी होती. मग आपण चौघं आळीपाळीनं शिंकत राहिलो, अर्धा तास. ज्या माणसानं जन्मात सुपारी खाल्ली नाही, तो डोळ्यांतून पाणी गाळत मला म्हणत होता, "जळवा येत न्हाईत बघ ह्या वासाला. त्यासाठीच आणलीया." त्यासाठी आणली नव्हतीस, आदगोंडा. ते तुला तिथं सुचलं.

त्याआधी कणकुंबीत टेम्पोतून उतरल्या उतरल्या तू स्टीलचा डबा काढलास.

"मोबाईल जमा करा. फोनच बघायचा आसंल तर घर काय वाईट हाय? डोंगर बघायला आलाव न्हवं?"

चार मोबाईल त्या डब्यात गेले, झाकणाला दोरी बांधली, आणि डबा माझ्या हवाली झाला. परीक्षेत पोरांचे मोबाईल जमा करायची सवय मलाच होती. राहिलं एक घड्याळ, तुझ्या हातातलं, वडिलांचं, चावीचं. त्याच्या काचेच्या आत दुपारीच धुकं भरलं आणि ते अकरा चाळीसला थांबलं. म्हणजे जगात किती वाजले हे फक्त डब्याला माहीत होतं, आणि डबा माझ्या छातीवर.

छातीवर का, तर मी पिशवी पाठीला न अडकवता पुढं घेतली होती. रेनकोटाच्या आत, कोरडी राहावी म्हणून. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

सुभेदारांना तंबू राखायला ठेवून आपण तिघं अकराला निघालो. दोन वाजेपर्यंत परत येऊन जेवायचं, असा तुझा बेत. वहिनींनी दिलेल्या कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि दही तंबूत ठेवलेलं. "दोन तासाच्या वाटंला डबा कशाला वागवायचा?" हेही तुझंच. वर जाईपर्यंत मात्र झकास होतं. सगळीकडनं पाणी वाहत होतं, चिखलात चपला रुतत होत्या, आणि तू पुढं काठी घेऊन मोठ्यानं आरती म्हणत चालला होतास. मी तुला तसा कधी बघितला नव्हता. चौतीस वर्षं लेथ मशीनपुढं उभा राहिलेला माणूस पावसात तोंड वर करून चालला होता. मलाही त्या दिवशी फार बरं वाटत होतं, हे तुला कधी बोललो नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

माथ्यावर धुकं आलं. हातातली काठी दिसेना. तू म्हणालास, डोंगर म्हणजे काय, चढला तसा उतरायचा. मी म्हटलं, थांब, इथं शास्त्राचं काम आहे. आणि खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र काढलं. निवृत्त होताना मी फक्त ते एक मागून आणलं होतं. तंबू माथ्याच्या उत्तरेला आहे, तेव्हा सुई दाखवेल तिकडं चालायचं. सोपं होतं. होकायंत्र दोन्ही हातांत छातीशी धरून मी पुढं झालो. तू आरती थांबवून माझ्या मागं आलास. त्याआधी तू कधी कुणाच्या मागं चालला नव्हतास.

दोन वाजले असतील, तीन वाजले असतील. एकच ओढा आपण चार वेळा ओलांडला. तू तिसऱ्यांदा विचारलंस, "मास्तर, ह्यो दगड मघाशी बघितल्यासारखा वाटतोय काय?" मी म्हटलं, बेसॉल्ट सगळीकडं सारखाच असतो. शेवटी वकील, जे दुपारभर गप्प होते, ते म्हणाले, "मास्तर, रागावू नका. तुम्ही वळलात की उत्तर पण वळतंय."

मी वळून बघितलं. खरंच वळत होती. उजवीकडं फिरलो तर उत्तर उजवीकडं, डावीकडं फिरलो तर डावीकडं. सुईचं मागचं टोक सारखं माझ्या पोटाकडं बघत होतं. कारण पोटावर पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्यात चार मोबाईल, चौघांच्याही स्पीकरमध्ये लोहचुंबक. हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवलं होतं, की होकायंत्राजवळ चुंबक नेऊ नये. प्रश्न यायचा, दोन गुणांना.

तू हसला नाहीस. तुझ्या पोटात सकाळी सातच्या उपिटानंतर काही नव्हतं, आणि हसायलाही काहीतरी पोटात लागतं. तू एवढंच म्हणालास, "ऱ्हाऊ दे. पाण्याबरूबर खाली जाऊया. पाणी चुकत न्हाय." आणि ओढ्याच्या कडेनं तू आम्हाला उतरवलंस.

खाली धुक्यात एक तंबू दिसला. आपल्याला वाटलं, आणखी कुणी वेडे आलेत. वकिलांनी लांबूनच कन्नडमध्ये विचारलं, "वळग यार अदीरी?" आत कोण आहे? आतून आवाज आला, "थम! कौन है?" तेवढ्यात वकील शिंकले. मग मी शिंकलो. तेव्हा कळलं की तंबू आपलाच.

इथवर हसायचं. पुढचं मला हसत सांगता येत नाही, तरी प्रयत्न करतो.

तू आत येऊन बसलास. ओठ निळे पडले होते. धोतराचा पिळा सोडवायला गेलास तर बोटं ऐकेनात. समोर वहिनींचा डबा फडक्यात बांधलेला. तू तो जवळ ओढलास, आणि गाठीवर हात ठेवून थांबलास. सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांचा, हे तू घरूनच कॅलेंडर बघून पाठ करून आला होतास. पण बाहेर बघून काही कळायचा प्रश्न नव्हता. दोन वाजल्यापासून आभाळ धुतल्या भांड्याच्या पाण्यासारखं होतं, एकाच रंगाचं.

"सुभेदार, किती वाजलं असतील?"

सुभेदार म्हणाले, "अण्णा, मी झोपलो होतो."

"मास्तर, डबा उघड. सात-पाचच्या आत आसंल तर खातो. न्हायतर ऱ्हाऊ दे, सकाळी बघू."

मी दोरी सोडली, तुमच्याकडं पाठ करून झाकण उघडलं आणि माझा मोबाईल बघितला. सात बावीस.

सतरा मिनिटं, आदगोंडा. सतरा मिनिटांसाठी तू दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत, आणखी अकरा तास, त्या थंडीत उपाशी बसणार होतास. आणि ती सतरा मिनिटं माझ्यामुळं गेली होती. माझ्या पोटाकडं बघणाऱ्या सुईमुळं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसानं तिला तिथल्या तिथं मागं फिरवलं.

"पावणेसात," मी म्हणालो.

"पावणेसात?"

"पावणेसातला दोन कमी."

तू माझ्याकडं बघितलंस. मग बाहेर आभाळाकडं. मग हात जोडलेस, डबा सोडलास आणि जेवलास. तीन भाकऱ्या, पटापट. मी तुझ्याकडं बघत होतो आणि मला एकाच वेळी रडू येत होतं आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

ते कौतुक फार टिकलं नाही. तू हात धुऊन बसलास, तेवढ्यात माझ्या मांडीवरचा डबा वाजायला लागला. सुभेदारांचा गजर. रक्तदाबाची गोळी, रोज रात्री आठची. माझ्या पावणेसातच्या मानानं तेव्हा साडेसातही व्हायला नको होते. मी म्हटलं, सुभेदार, तुमचा मोबाईल भिजलाय, वेळ चुकतोय. सुभेदार म्हणाले, माझा मोबाईल कधी चुकत नाही. मी पांघरुणाखालून त्यांचा पाय दाबला. आणि फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला तो माणूस मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, पाय का दाबताय?"

तू शांतपणे म्हणालास, "भिजलेल्या मोबाईलचं काय खरं न्हाय." मला वाटलं, सुटलो.

मग तुझ्या पोटरीला जळू सापडली. तंबाखूला न भिणारी निघाली. वकील मिठाची पुडी घेऊन धावले, तू त्यांचा हात धरलास. "मीठ न्हाय. जीव जातोय तिचा. पोट भरलं की सोडंल." वकील म्हणाले, "अण्णा, सूर्य मावळल्यावर जेवायलीय ही. चालतंय काय तुम्हाला?"

"तिनं व्रत कुठं घेतलंय?" तू म्हणालास. "ज्यानं घेतलंय त्यानं बघावं." आणि माझ्याकडं बघून हसलास. मी जळूकडं बघत राहिलो. चोराच्या मनात चांदणं.

रविवारी सकाळी सुभेदारांनी उपीट केलं. तू नको म्हणालास. पोट गडबडलंय म्हणालास. मी माझ्या पिशवीतला ओवा दिला, तू तो कागदासकट खिशात घातलास. दिवसभर फक्त उकळलेलं पाणी. आणि तसा उपाशी पोटी, ती ओली, मणाची ताडपत्री डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं उतरलास. मला वाटलं, दही बाधलं. वाटेत दोनदा वहिनींच्या दह्याला नावं ठेवली, हेही कबुलीत धर.

आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचला तुझा फोन आला.

"मास्तर, आज सूर्य किती वाजता मावळतोय?"

मी म्हटलं, कॅलेंडर आहे की तुझ्याकडं.

"कॅलेंडरवर मुंबईचा सूर्य असतोय रं. तू भूगोलाचा माणूस. बेळगावचा सांग."

मंगळवारी पुन्हा फोन. बुधवारी पुन्हा. मग रोज. सहा वर्षं, आदगोंडा. माझ्या मुलाच्या साखरपुड्यात आला, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी आला. मी अक्षांश-रेखांश काढून तक्ता केला, गॅलरीतल्या कपाटाच्या दारावर चिकटवला, आणि तुला मिनिटाबरहुकूम सांगत राहिलो. तुझा हा विश्वास मला रोज चावायचा. एका खोट्यापोटी मला रोज खरं बोलायची शिक्षा झालीय असं वाटायचं. बोलून टाकू म्हणून कितीदा तोंड उघडलं, पण फोनवर तुझ्या मागं ताटाचा आवाज यायचा. जेवायला बसलेल्या माणसाला, तुझं व्रत तेव्हाच डोंगरावर मोडलंय, असं कसं सांगायचं?

त्यातच मी एक मूर्खपणा केला. बोलण्याच्या भरात सांगून बसलो की सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा तो खरा आधीच खाली गेलेला असतो. हवेत किरण वाकतात, म्हणून दोन मिनिटं नुसता दिसतो. तू म्हणालास, "म्हंजे मी जन्मभर दोन मिनटं उशिरा जेवलो काय?" मी म्हटलं, अरे, तू तर अर्धा तास आधीच उठतोस ताटावरून. तू म्हणालास, "तसं न्हवं. हिशेब म्हंजे हिशेब. सूर्य खरा कुठला, दिसतोय त्यो का असतोय त्यो?" यावर आपण कॅम्पातल्या फेऱ्यांत किती भांडलो! मी म्हणायचो, दिसतो तो धरावा, व्रत डोळ्यांनी पाळायचं असतं. तू म्हणायचास, असतो तो धरावा, डोळे फसवतात. वाद मिटला नाही. तेव्हापासून मात्र तुझा प्रश्न बदलला. "दोन मिनटं वजा करून सांग."

शेवटच्या दिवशीही फोन आला. मी बाजारात होतो. एका हातात छत्री, एका हातात कोथिंबीर, पाऊस तिरका, आणि वर भाजीवाली सुट्टे द्या म्हणून मागं लागलेली. मी खेकसलो, "रोज रोज काय रं? बघ की कुठंतरी!" तू "बरं" म्हणालास आणि ठेवलास. वेळेवर जेवलास. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलास. आणि सातच्या सुमाराला, कुणाला न सांगता, बसल्या बसल्या गेलास. सहा वर्षांत ज्या एका दिवशी मी तुला सूर्य सांगितला नाही, त्याच दिवशी. हे मला गिळता येत नव्हतं. म्हणून परवा आलो.

वहिनींनी चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखा सगळा गुन्हा पहिल्यापासून सांगितला. होकायंत्र, डबा, सात बावीस, पावणेसातला दोन कमी. वहिनी ऐकत होत्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडायला लागल्या. त्या हसत होत्या.

"मास्तर भावजी, त्यास्नी म्हाईत हुतं की वो."

मी म्हटलं, गजर वाजला तेव्हा कळलं असणार.

"न्हाय, न्हाय. जेवायच्या आधीच. त्या रविवारी घरी आलं ते उपाशी. म्हटलं, का वो? तर म्हणाले, काल अवेळी खाल्लंय, आज उपास. म्हटलं, कुणी लावलं खायाला? म्हणाले, मास्तरनं. लई वाईट खोटं बोलतोय मास्तर, चौथीतलं पोर बी पकडंल. खरं बोलणारा माणूस पावणेसातला दोन कमी कशाला सांगंल? म्हटलं, मग खाल्लं का? तर म्हणाले, त्याचं तोंड बघितलंस न्हाईस तू. मी खाल्लं नसतं तर त्यो रातभर माझ्याकडं बघत बसला असता. व्रत माझं हाय, एक दिवस उपास करून सावरता येतंय. त्याचं कसं सावरायचं?"

वहिनी पुढं म्हणाल्या, "आणि त्यो फोन वो? फोन ठेवला की हसत सुटायचे. ताटावर बसून हसायचे. म्हणायचे, मास्तर आता मिनिट बी चुकवत न्हाय बघ. मी म्हणायची, सांगून टाका की त्या बिचाऱ्याला. तर म्हणायचे, सांगितलं तर मजा संपंल."

"आणि शेवटच्या दिवशी?" मी विचारलं. "मी खेकसलो होतो."

"व्हय. ते बी सांगितलं. म्हणाले, मास्तर आज चिडलं बघ. सहा वर्सं लागली. हसत हसतच जेवले." आणि मग मात्र वहिनी खरंच रडल्या, आणि मीही रडलो. माझा चहा तसाच गार झाला.

सहा वर्षं मला वाटत होतं की मी तुला फसवलं. सहा वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला तू मला फसवत होतास. बदमाश माणसा, आणि शोकसभेत मी तुला शिस्तप्रिय म्हणालो!

पण बेचाळीस वर्षांचं व्रत तू माझ्या तोंडाकडं बघून, जाणूनबुजून मोडलंस. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. हे तुला समोर म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, "चल रं, चहा घेऊया." तेव्हा इथं म्हणतो, मध्ये बोलू नकोस.

काल मी उपास केला. त्या तुझ्या रविवाराच्या उत्तरादाखल. घरात सांगितलं, पोट गडबडलंय. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खरं काय ते सांगा." सुधारणा नाही, आदगोंडा. चौथीतल्या पोराच्या वर अजून गेलो नाही.

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. नाव तुझंच आलं, पण आवाज वहिनींचा. मागं ताटाचा आवाज.

"मास्तर भावजी, आज सूर्य किती वाजता वो?"

मी कपाटाच्या दारापाशी गेलो. तक्ता बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"सहा अठ्ठावीस," म्हटलं. "दोन मिनिटं वजा करून सहा सव्वीस."

"खरं न्हवं?"

"खरं, वहिनी. तुम्ही सावकाश जेवा."